कोकणातला होमस्टे: परवाने, नोंदण्या आणि कर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मुख्यतः रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरमालकांचे आहेत. शेवटी शहरातल्या फ्लॅटचे आणि गोव्याचेही घेतले आहेत. ‘होमस्टेचं लायसन’ असा एकच कागद मिळत नाही. जमीन महसूल खातं पाहतं, घर ग्रामपंचायत पाहते, पाहुणा पोलीस पाहतात, जेवण अन्न व औषध प्रशासन पाहतं आणि पैसा कर खातं. एकाचा दाखला दुसऱ्याकडे चालत नाही.

होमस्टे, निवास-न्याहारी, व्हिला आणि लॉज यांत फरक काय?

मालक त्या घरात राहतो का, यावर सगळं ठरतं. होमस्टे किंवा निवास-न्याहारी म्हणजे मालकाचं कुटुंब राहतं त्याच घराच्या काही खोल्या पाहुण्यांना देणं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत ही मर्यादा एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा अशी आहे. मालक ठाण्यात, घर नागावला आणि किल्ली केअरटेकरकडे असेल तर तो होमस्टे नाही, भाड्याचा बंगला आहे. जाहिरातीत काहीही लिहिलं तरी सवलती (वीज आणि घरपट्टी निवासी दराने) मागताना हा फरक बाहेर येतो. सातवी खोली काढलीत की निवासी सवलतींचा आधार सुटतो आणि लॉजचे नियम लागायला सुरुवात होते. म्हणून सहा खोल्यांवर थांबायचं की सरळ हॉटेलच काढायचं, हे चौथरा घालण्याआधी ठरवा.

नोंदणी कुठे करायची? एमटीडीसीकडे का?

पूर्वी हे काम महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे (एमटीडीसी) होतं, म्हणून मालवण-दापोलीकडे अजूनही लोक ‘एमटीडीसीचं सर्टिफिकेट’ म्हणतात. आता नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. अर्ज विभागाच्या प्रादेशिक पर्यटन कार्यालयात जातो, अधिकारी घर पाहून जातात आणि मग प्रमाणपत्र येतं. केंद्राच्या योजनेखाली वेगळं वर्गीकरणही घेता येतं. त्यात ‘सिल्व्हर’ आणि ‘गोल्ड’ असे दोन दर्जे आहेत. परदेशी पाहुणे जास्त येत असतील तर त्याचा उपयोग होतो. विकएंडला पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कुटुंबांना त्याचं फारसं काही नसतं.

अर्जाबरोबर कोणते कागद लागतात?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, वीजबिल, बांधकाम परवानगी, मालकाचं आधार आणि पॅन, पोलिसांचा चारित्र्य दाखला, आणि घराचे फोटो. फोटोत दर्शनी बाजू, प्रत्येक खोली आणि प्रत्येक संडास-बाथरूम दिसलं पाहिजे.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावामुळे. सातबारावर वडिलांचं नाव, वीजबिलावर आजोबांचं, घरपट्टी आईच्या नावे आणि अर्ज मुलाचा. आधी वारस नोंद करून फेरफार मंजूर करून घ्या, मग वीजजोडणीचं नाव बदला. उलट क्रमाने गेलात तर महावितरण तुम्हाला परत तलाठ्याकडे पाठवील.

पाहणीला येणारे अधिकारी काय पाहतात? प्रत्येक खोलीला उजेड-वारा, जोडलेलं स्वच्छतागृह, गरम पाण्याची सोय, पाण्याची साठवण, कचऱ्याची व्यवस्था, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि दर्शनी ठिकाणी दरपत्रक. कुठे पाल दिसली म्हणून कोणी नामंजूर करत नाही. पडवीला पत्रे मारून ‘खोली’ दाखवली असेल तर मात्र करतात.

सातबारावर चुलत्यांची, आत्यांची मिळून सतरा नावं आहेत. मी एकटा अर्ज करू शकतो का?

कोकणातला हा सगळ्यात मोठा अडसर. घर तुमच्या वहिवाटीत असलं, डागडुजी तुम्हीच केली असली, तरी सामाईक मिळकतीत प्रत्येक सहहिस्सेदाराचा हक्क राहतो. अर्जाला सगळ्यांची संमती लागते. घराच्या उत्पन्नावर उद्या कोणी बोट ठेवलं तर तेच संमतीपत्र तुमच्या हातात असतं.

वाटणी झालेली असेल तर ती नोंदणीकृत आहे का ते पाहा. नोंदवलेली नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, पण तो मुख्यतः शेतजमिनीसाठी. घराची वाटणी दस्त नोंदवूनच करावी. तेवढा वेळ नसेल तर किमान संमतीपत्र करून घ्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या खोल्या, किती वर्षांसाठी, उत्पन्न कोणाचं, आणि दुरुस्तीचा खर्च कोण करणार. ‘आमची हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचं संमतीपत्र पहिल्या भांडणात निरुपयोगी ठरतं.

शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, ते साध्या कागदावर चालतं. हिस्सेदारांमधला आपसातला करार मात्र मुद्रांकावरच करा.

याच ओघात एक सूचना. संमतीपत्रात गणपतीचे दिवस लिहून ठेवा. सगळे चाकरमानी हिस्सेदार त्या आठवड्यात त्याच घरात उतरणार असतात, आणि ऑनलाइन कॅलेंडर बंद करायला विसरलात तर आरतीच्या वेळी दारात बेंगळुरूचं कुटुंब बॅगा घेऊन उभं राहतं.

घर शेतजमिनीवर आहे. बिनशेती करावंच लागेल का?

गावठाणातलं घर असेल तर हा प्रश्नच नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर वेगळ्या बिनशेती परवानगीची लांब वाट धरावी लागत नाही. त्याच्या पलीकडे, आमराईच्या मध्यभागी घर असेल तर ते कोणत्या परवानगीवर उभं आहे ते शोधा. ‘शेतघर’ म्हणून परवानगी घेतली असेल तर ती शेती करणाऱ्याच्या वापरासाठी आहे. त्यात रोज रात्री पैसे घेऊन पाहुणे ठेवणं हा वापरातला बदल धरला जातो, आणि तहसीलदारांची नोटीस आली की दंडासह आकारणी होते.

प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांसाठी राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण हा दुसरा, बरेचदा अधिक सोयीचा मार्ग आहे. त्याचीही नोंदणी पर्यटन संचालनालयाकडेच होते. पाहुण्याला शेतीचा अनुभव देणं हा त्याचा गाभा आहे. दोन कलमं आणि एक झोपाळा दाखवून काम भागत नाही.

समुद्रापासून पन्नास पावलांवर घर आहे. सीआरझेडमध्ये होमस्टे चालतो का?

चालतो, पण जुन्या घरात. किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांमध्ये मच्छीमारांसह स्थानिक किनारी लोकांच्या सध्याच्या घरांत होमस्टेची मुभा आहे. २०११ च्या मजकुरात त्याची अट सरळ लिहिलेली आहे: जोत्याचं क्षेत्र, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. लोक चुकतात ते इथेच. मुभा आहे म्हणून समुद्राच्या बाजूने दोन नव्या खोल्या आणि काँक्रीटचा ओटा काढतात, आणि मग मूळ घराचीही चौकशी सुरू होते.

भरतीरेषेपासूनचं अंतर टेपने मोजून काही सिद्ध होत नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कोणत्या पट्ट्यात येतो, ते पाहावं लागतं. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असेल तिथे, ना-विकास पट्टा ५० मीटर आहे. बाकी ग्रामीण किनाऱ्यावर तो २०० मीटर. कोकणातली बहुतेक गावं या दुसऱ्या प्रकारात बसतात.

खाडीकाठही विसरू नका. भरतीचं पाणी जिथवर शिरतं तिथवर हा नियम येतो. देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, त्यामुळे घर दोन्हीकडून पट्ट्यात सापडतं. आणि महाबळेश्वर-पाचगणी (२००१) किंवा माथेरान (२००३) इथे घर असेल तर पर्यावरणीय संवेदनक्षेत्राची वेगळी अधिसूचना लागू आहे. तिथे साधी शेड घालायची तरी आधी विचारा.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला कसा मिळतो? घरपट्टी वाढते का?

लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विषय मासिक सभेत येतो आणि ठराव होतो. ठरावाची नक्कल मागून घ्या, कारण पुढे सरपंच बदलले की नुसता दाखला पुरत नाही. पंचायत दोन गोष्टी विचारते: सांडपाणी कुठे जाणार आणि गाड्या कुठे लागणार. पाखाडीवर (वाडीतल्या अरुंद वाटेवर) लावलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांवरून जेवढ्या तक्रारी होतात, तेवढ्या दुसऱ्या कशावरून होत नाहीत.

घरपट्टीच्या बाबतीत, नोंदणीकृत निवास-न्याहारीला निवासी दराने आकारणी हा योजनेचा फायदा आहे. तो आपोआप मिळत नाही. प्रमाणपत्राची प्रत जोडून अर्ज करावा लागतो.

सांडपाण्याचं जरा नीट ऐका. जांभा दगड पाझरतो. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर घाण पाणी थेट विहिरीत उतरतं. शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट तरी लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. चार माणसांसाठी बांधलेली टाकी बारा पाहुण्यांना पुरत नाही. मे महिन्यात ती ओसंडली की पहिली तक्रार शेजाऱ्याची येते, पाहुण्याची नंतर.

पाहुण्यांची कोणती नोंद ठेवायची?

पानांना क्रमांक दिलेलं बांधीव रजिस्टर ठेवा: नाव, पत्ता, मोबाइल, ओळखपत्राचा प्रकार, कुठून आले, कुठे जाणार, येण्याची आणि निघण्याची तारीख-वेळ, गाडीचा नंबर, सही. ओळखपत्र प्रत्येक प्रौढाचं पाहा, एकट्या बुकिंग करणाऱ्याचं नव्हे. आधारची प्रत घेत असाल तर शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क केलेली घ्या, आणि ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. कामाला बाहेरगावचा माणूस ठेवला असेल तर त्याची पोलीस पडताळणी करून घ्या.

कॅमेरे फाटकावर आणि अंगणात चालतील, आणि ते आहेत अशी पाटी लावा. खोलीत, बाथरूममध्ये किंवा खिडकीतून आत दिसेल असा कॅमेरा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतो.

परदेशी पाहुणा आला तर?

चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला सगळे ‘सी-फॉर्म’ म्हणून ओळखतात. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला आणि १९४६ चा जुना विदेशी नागरिक कायदा गेला, पण राहण्याची जागा देणाऱ्याची ही जबाबदारी नव्या कायद्यातही कायम आहे. मोठ्या हॉटेलाला जो नियम तोच दोन खोल्यांच्या होमस्टेला.

आधी विदेशी नोंदणी विभागाच्या पोर्टलवर तुमच्या जागेची नोंदणी करून युजर आयडी घ्यावा लागतो. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयातली विदेशी नागरिक शाखा पाहते आणि ती स्थानिक ठाण्याकडून जागेची खातरजमा करून घेते. याला दिवस लागतात. पाहुणा दारात उभा असताना आयडी काढायला बसलात तर चोवीस तास सहज उलटतात. म्हणून हंगामाआधी, पावसाळ्यात हे काम उरका.

फॉर्मला पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील, भारतात आल्याची तारीख, आधीचा मुक्काम, पुढचा मुक्काम, मायदेशातला पत्ता आणि फोटो लागतो. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि विमानतळावरच्या शिक्क्याचं पान, तिन्हींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नेहमीच्या चुका दोन: आडनाव आणि नाव उलट भरणं, आणि कुटुंबातल्या मुलांचे वेगळे फॉर्म न भरणं. प्रत्येक माणसाचा एक फॉर्म, तान्ह्या बाळाचाही.

‘पाहुणा मराठीच बोलतोय’ म्हणून फसू नका. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलेला माणूस कायद्याने परदेशी नागरिकच. त्याचाही फॉर्म भरायचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाचा भरायचा नाही.

अविवाहित जोडप्याला खोली द्यायला कायद्याने बंदी आहे का?

नाही. दोघं अठरा वर्षांवरची असली आणि ओळखपत्रं खरी असली तर कुठलाही कायदा अडवत नाही. त्याच तालुक्यातल्या पत्त्याचं ओळखपत्र असलेल्यांनाही बंदी नाही. तुम्ही तुमच्या राहत्या घरात कोणाला घ्यायचं याचे नियम ठरवू शकता, पण ते बुकिंगपूर्वी लिहिलेले असावेत. पैसे घेतल्यावर दारातून परत पाठवणं हा ग्राहक तक्रारीचा विषय होतो. अल्पवयीन व्यक्ती असेल तर मात्र नातं आणि वय याची खात्री झाल्याशिवाय खोली देऊ नका.

घरचंच जेवण देतो. त्यालाही परवाना लागतो?

लागतो. पैसे घेऊन अन्न दिलं की अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आली, मग ते आईने चुलीवर केलेलं असो. छोट्या उलाढालीला पूर्ण परवान्याची गरज नसते, मूलभूत नोंदणी पुरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क नाममात्र. मिळालेला चौदा आकडी क्रमांक स्वयंपाकघरात आणि बिलावर दिसला पाहिजे. विहिरीचं पाणी वापरत असाल तर वर्षातून एकदा तपासून घ्या, आणि नमुना पावसाळ्यात द्या. कोलिफॉर्म जंतू निघायचेच असतील तर ते तेव्हाच निघतात.

सिलिंडर हा दुर्लक्षित मुद्दा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याच्या स्वयंपाकाला वापरणं एलपीजी नियंत्रण आदेशाविरुद्ध आहे. पाहुण्यांच्या स्वयंपाकासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. तपासणीत लाल टाकी दिसली की जप्ती होते, आणि स्फोट झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच विचारते.

पाहुण्यांनी दारू आणली तर? रात्री गाणी लावली तर?

तुम्ही विकायची नाही, पुरवायची नाही, आणून द्यायचीही नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली पिणाऱ्याकडेही परवाना हवा, आणि लोकांना दारू पिण्यासाठी जागा चालवणं हा कलम ६८ खालचा गुन्हा आहे. म्हणून अंगणात टेबलं मांडून ‘बसायची सोय’ अशी जाहिरात करू नका.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वाडीत रात्री पावणेदहाला स्पीकर बंद करून घ्या, पंधरा मिनिटं हुज्जत घालण्यात जातात.

जीएसटी कधी लागतो आणि किती?

सेवा देणाऱ्याची वार्षिक एकूण उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी बंधनकारक. ही उलाढाल पॅनवर मोजली जाते, घरावर नाही. तीन खोल्या, २५०० रुपये दर, वर्षाला २०० रात्री भरल्या तर खोल्यांचे झाले १५ लाख. जेवणाचे चार लाख धरले की १९. बाजारातला गाळा भाड्याने दिला असेल तर त्याचं भाडं मिळवून तुम्ही वर गेलात. करमाफ पुरवठाही या बेरजेत येतो, म्हणून आंब्या-काजूची विक्री असणाऱ्यांनी आपला हिशेब सीएकडून तपासून घ्यावा.

दर असे: खोलीचं एका दिवसाचं मूल्य ७५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, पण त्यात खरेदीवरच्या कराची वजावट नाही. हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा. त्याआधी १२ टक्के होता आणि वजावट मिळत होती. ७५०० च्या वर १८ टक्के. ‘हजाराच्या आतल्या खोलीला कर नाही’ हे अजून बरेच जण धरून चालतात. ती सूट १८ जुलै २०२२ लाच संपली.

खरी गोम बंगल्यात आहे. चार खोल्यांचा बंगला एका रात्रीला २०,००० रुपयांना एकाच बुकिंगवर, एकाच बिलावर दिला तर ते एक युनिट धरलं जातं आणि दर १८ टक्के होतो. त्याच चार खोल्या ५००० प्रमाणे स्वतंत्र दिल्या, तशी जाहिरात आणि तसं बिल असलं, तर ५ टक्के. कागदावर खोल्या आणि जाहिरातीत ‘संपूर्ण व्हिला’ अशी दोन सोंगं एकत्र टिकत नाहीत. न्याहारी-जेवणासह एकच पॅकेज असेल तर सगळी रक्कम खोलीच्या मूल्यात धरली जाते. ७००० ची खोली आणि हजाराचं जेवण एका आकड्यात लिहिलंत की तुम्ही स्वतःच ७५०० ची रेघ ओलांडली.

नोंदणी घेतली की व्यवसाय कराची नोंदणीही येते, वर्षाला २५०० रुपये.

ऑनलाइन साइटवरून बुकिंग येतं. साइट जे कापते ते काय असतं?

तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांची सरमिसळ होते. पहिली साइटचं कमिशन. दुसरी जीएसटी: तुमची नोंदणी नसेल तर खोलीवरचा कर पाहुण्याकडून घेऊन भरण्याची जबाबदारी साइटवर असते. तुमची नोंदणी असेल तर कर तुम्ही भरायचा आणि साइट फक्त ०.५ टक्के टीसीएस (साइटने वसूल करून भरायचा कर) कापून तुमच्या खात्यात दाखवते (१० जुलै २०२४ आधी तो १ टक्का होता). तिसरी प्राप्तिकराचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के. वैयक्तिक मालकाची त्या साइटवरची विक्री वर्षाला पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तो कापला जात नाही. पॅन दिलं नाही तर ५ टक्के जातात.

वर्षअखेरीस हिशेब लावताना खात्यात आलेली रक्कम ही तुमची विक्री नव्हे. पाहुण्याने खोलीसाठी मोजलेले पैसे ही विक्री, कमिशन हा खर्च. हा फरक धरला नाही तर साइटने कर खात्याला कळवलेला आकडा आणि तुमचं विवरणपत्र जुळत नाही.

उद्यम, दुकान-आस्थापना वगैरे?

उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. पाहुण्यांना बोटीने डॉल्फिन दाखवायचे असतील तर बोट सागरी मंडळाच्या परवानगीचीच घ्या. होमस्टेच्या प्रमाणपत्रात बोट येत नाही.

आग, पोहण्याचा तलाव आणि विमा?

एका मजल्याच्या घरालाही प्रत्येक मजल्यावर आणि स्वयंपाकघराजवळ एबीसी पावडरचं अग्निशामक हवं. त्यावरची भरणीची तारीख दर वर्षी पाहा. वायरिंग जुनं असेल तर गिझर आणि एसी लावण्याआधी अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी गंजते आणि बाहेरून कळत नाही.

तलाव केलात तर पाणी किती खोल आहे तो आकडा काठावर रंगवा, रात्री कुलूप लावता येईल असं कुंपण करा, दोर-टायर जवळ ठेवा. माणूस बुडाला तर ‘स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे’ ही पाटी मालकाला वाचवत नाही.

भारत गृह रक्षा ही घरविम्याची पॉलिसी राहत्या घरासाठी असते. पैसे घेऊन पाहुणे ठेवता हे विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्रयस्थ व्यक्तीच्या इजेचं संरक्षण वेगळं घ्या. हे न सांगता भरलेला हप्ता दाव्याच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

लोणावळा, पुणे किंवा मुंबईतल्या सोसायटीचा फ्लॅट दिवसाच्या भाड्याने देता येईल का?

बहुतेक ठिकाणी इथे कज्जा होतो. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे फ्लॅट ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरायचा असतो, आणि रोज बदलणारे पाहुणे हा निवासी वापर नाही अशी बाकीच्या सभासदांची भूमिका असते. सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव हातात असल्याशिवाय जाहिरात टाकू नका. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल) लावू शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

‘अकरा महिन्यांच्या आतला करार, म्हणजे नोंदणी नको’ हा गैरसमज महाराष्ट्रात चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कितीही छोट्या मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची. महिना-दोन महिने राहणाऱ्याला पाहुणा म्हणून दाखवू नका. तो भाडेकरू आहे, त्याचा करार करा आणि पोलिसांना माहिती द्या.

सावंतवाडीचे आम्ही, पण घर गोव्यात पेडण्याला आहे. महाराष्ट्राची नोंदणी चालेल?

नाही. गोव्यात १९८२ चा गोवा पर्यटन व्यापार नोंदणी कायदा आहे आणि एक खोली जरी पर्यटकाला दिली तरी तिथल्या पर्यटन खात्याची नोंदणी लागते. मुख्य कार्यालय पणजीत पाटो इथे, पर्यटन भवनात. सातबाराऐवजी तिथे फॉर्म एक व चौदा, शहरात फॉर्म डी, त्याबरोबर पंचायतीचा किंवा पालिकेचा ना हरकत दाखला आणि घरपट्टीची पावती. गोव्यात लग्नानंतर मिळकतीत जोडीदाराचा हक्क येतो, त्यामुळे अर्जावर आणि भाडेपट्ट्यावर दोघांच्या सह्या घ्या. दिल्लीच्या कंपनीला व्हिला चालवायला दिलात तर भाडेपट्टा नोंदवलेला हवा आणि नोंदणी कोणाच्या नावे, सी-फॉर्म कोण भरणार, हे त्यात लिहिलेलं हवं. दोघंही ‘तो भरतो’ म्हणत बसले की पोलीस मालकाच्या दारात येतात.

नोंदणीची मुदत संपली आणि पाहुणे आधीच बुक आहेत. काय करू?

मुदत संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. अर्ज उशिरा दिलात तर नवीन पाहणी लागू शकते आणि अधिकारी पावसात लवकर येत नाहीत. प्रमाणपत्र संपलेलं असताना वीज आणि घरपट्टीची निवासी सवलत चालू राहिली तर फरकाची वसुली मागाहून होते. ती टाळायची असेल तर महावितरण आणि ग्रामपंचायत दोघांनाही नूतनीकरणाच्या पोचेची प्रत त्याच आठवड्यात देऊन ठेवा.